उपकारस्मरण : नित्याच्या सुखाचे मूळ

प्रत्येक जीवाला सुख हवे असते, याविषयी वाद नाही. वाद आहे तो सुख कोठे शोधावे याविषयी. सामान्य मनुष्य आपले सुख पुढील दिवसावर ठेवतो. पीक घरात आले म्हणजे, मुलीचे लग्न उरकले म्हणजे, दुखणे सरले म्हणजे आपण सुखी होऊ, असे तो म्हणतो. ते कार्य होते आणि त्याच्या जागी दुसरे उभे राहते. मार्गस्थ साधकालाही हा दोष आपोआप चुकत नाही. गृहस्थ पिकाची वाट पाहतो. साधक चांगल्या भिक्षेची, मनाजोगत्या सोबतीची, सोयीच्या स्थळाची वाट पाहू लागतो. वस्तू बदलते, वृत्ती तीच राहते.

दृष्टांत : एका शेतकऱ्याच्या मळ्यात विहीर होती. तिचे पाणी किंचित मचूळ होते. तो ते रोज पीत असे आणि रोज त्याला नावे ठेवीत असे. वैशाखात भर दुपारी एक वाटसरू तेथे आला. त्याने ओंजळ लावली, पोटभर पाणी प्याला आणि विहिरीकडे पाहून हात जोडले. शेतकऱ्याला नवल वाटले. तो म्हणाला, "बाबा, हे पाणी तर मचूळ आहे." वाटसरू म्हणाला, "असेल. पण मला ते मिळाले."

दार्ष्टान्तिक : पाणी एकच, पिणारे दोन. शेतकऱ्याला ते आपल्या हक्काचे वाटत होते, म्हणून त्याला त्यातील उणे तेवढे दिसले. वाटसरूचा त्यावर काहीच हक्क नव्हता, म्हणून त्याला पाणी दिसले. जे आपलेच म्हणून गृहीत धरले जाते त्याचा उपकार दिसेनासा होतो, आणि उपकार दिसेनासा झाला की त्या वस्तूतील सुखही लोपते.

यावर शंका अशी की, विरक्ताला सुखाचा विचार कशाला? सुखात रमणे हीच आसक्ती नव्हे काय? याचे समाधान असे : आसक्ती वस्तूला धरून ठेवते आणि ती उद्याही मिळावी असा आग्रह करते. कृतज्ञता वस्तूला धरीत नाही. ती देणाऱ्याला ओळखते. भिक्षेच्या आचाराचे मर्मही येथे उमगते. चहू वर्णांच्या दारी जाऊन मिळालेले अन्न एकत्र करून सेवावे, उद्यासाठी साठवू नये, या नियमाने रसनेवर अंकुश राहतो. पण त्याचा आणखी एक लाभ आहे. ज्याच्या झोळीत उद्याचे अन्न नाही, त्याला आजची भाकरी कधीच हक्काची वाटत नाही. मात्र नियम पाळूनही जो 'अमक्या दारी शिळे वाढले' म्हणून मनात कुढतो, त्याची झोळी भरली तरी भिक्षा घडली नाही असेच म्हणावे लागेल.

दुसरी शंका अधिक कठीण आहे. सुखाच्या दिवशी उपकार आठवणे सोपे. ज्या दिवशी सर्वात प्रिय तेच अंतरते, त्या दिवशी कृतज्ञता कोठून आणावी? येथे पंथाच्या आरंभीच्या मंडळींचे आचरण पाहावे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामी उत्तरापंथे निघून गेले. नागदेवाचार्य आदी भक्तजन मागे राहिले. त्यांनी विरहाला सुख म्हटले नाही. दुःखाला दुःखच म्हटले. ते रिद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. म्हाइंभटांनी ज्याने जे पाहिले व ऐकले ते त्याच्याकडून विचारून घेतले, त्यासाठी गावोगाव पायपीट केली, आणि लीळाचरित्र सिद्ध झाले. त्याचा काळ सामान्यतः शके १२०० (इ.स. १२७८) च्या सुमाराचा मानतात.

त्या ग्रंथात काय जपले आहे हे लक्षात घ्यावे. निरूपणे आहेतच, पण त्यांबरोबर कोठे वसती झाली, कोठे भोजन झाले, कोणाशी काय बोलणे झाले, हेही आहे. स्थानपोथीत तर स्वामी जेथे जेथे राहिले त्या स्थळांचीच नोंद आहे. इतरांच्या दृष्टीने हे नित्याचेच व्यवहार होते. मंडळींनी त्यांतील एकही क्षुल्लक मानला नाही. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली. तेव्हा ज्यांनी लीळा पाठ केल्या होत्या त्यांच्या स्मरणातून त्या पुन्हा लिहिल्या गेल्या. हिराइसेचा पाठ याच कारणाने परंपरेत आदरणीय ठरला. कागद गेला तरी ठेवा राहिला, कारण तो कृतज्ञ अंतःकरणात होता.

तात्पर्य, गमावलेल्याचे दुःख आणि मिळालेल्याचा उपकार ही दोन्ही एकाच अंतःकरणात राहू शकतात. नुसते दुःख म्हणते, 'आता नाही.' स्मरण त्याला जोडून म्हणते, 'एकदा होते, आणि ते मला लाभले.'

वासनिकाने याचे आचरण घरातच करावे. पहिला घास घेण्यापूर्वी ते अन्न कोणाकोणाच्या हातून आले ते आठवावे : ज्याने पेरले, जिने निवडले, जिने चुलीपुढे बसून भाजले. तिला एक गोड शब्द बोलावा. मनातल्या कृतज्ञतेने समोरच्याचे श्रम हलके होत नाहीत. साधकाने रात्री स्मरणास बसताना दिवसभरात ज्यांनी दार उघडले आणि ज्यांनी 'पुढे जा' म्हटले, त्या दोघांनाही मनोमन दंडवत घालावा. पहिल्याने अन्न दिले, दुसऱ्याने अन्न हक्काचे नाही याची आठवण दिली.

हे नित्याचे सुख साध्य नव्हे. साध्य परमेश्वराचा आनंद हेच आहे. परंतु जो भाकरीचा उपकार जाणत नाही, तो ज्ञानदात्याचा उपकार कसा जाणील? धाकट्या उपकारावर दृष्टी स्थिरावली म्हणजेच थोरल्या उपकाराकडे ती वळते.