आधी रुंदी, मग सीसी

प्रश्न : मी रांजणगाव एमआयडीसीत नोकरीला आहे. वय २७, लग्न झालंय, मूल अजून नाही. छाती पहिल्यापासून अगदीच सपाट. पुण्यातल्या मैत्रिणीनं ३२५ सीसीचे इम्प्लांट बसवले, तिला छान दिसतात. मीही तेवढेच सांगू का? की थोडे मोठेच घेऊ? ‘अजून मोठे घेतले असते तर बरं झालं असतं’ असं नंतर सगळ्याच म्हणतात, असं ऐकलंय.
— एक वाचक, शिरूर

उत्तर : मैत्रिणीचा आकडा आधी डोक्यातून काढून टाका. सीसी म्हणजे आपलं मिलीलिटरच. आत किती माल आहे एवढंच त्यातून कळतं, तो तुमच्या छातीवर कसा बसेल ते कळत नाही. तेच ३२५ सीसी रुंद छातीवर पसरून जातात आणि अरुंद छातीवर पुढे येतात, नाहीतर काखेकडे सरकतात.

ब्लाउज शिवायला टाकताना शिंपी ‘छाती चौतीस’ असं लिहून घेतो. त्या चौतिसात पाठही आलेली असते. रुंद पाठीची आणि लहान छातीची बाई चौतीस भरते, तशीच बारीक पाठीची आणि भरलेल्या छातीचीही चौतीस भरते. म्हणून तर कटोरी ब्लाउज शिवणारा चांगला कारागीर नुसत्या आकड्यावर न थांबता कटोरी वेगळी मोजतो. ब्राच्या ए, बी, सी या अक्षरांचंही तेच. ३२ सी आणि ३४ बी यांत भरणारा ऐवज जवळपास सारखाच असतो. तेव्हा सर्जनला ‘मला सी करा’ असं सांगितलं तर त्यातून त्याला फारसं काही कळत नाही.

त्याला हवी असते तुमच्या स्तनाच्या बुडाची रुंदी. छातीच्या मधल्या हाडाकडच्या कडेपासून काखेकडच्या कडेपर्यंत कॅलिपरनं तो ती मोजतो, दोन्ही बाजूंची वेगवेगळी. समजा १२ सेंटीमीटर आली. मग आत बसणारा इम्प्लांट १२ पेक्षा थोडा कमीच हवा, कारण त्याच्या कडांवर तुमचं स्वतःचं मांस यायला हवं. कंपनीच्या तक्त्यात एकाच रुंदीचे तीन-चार इम्प्लांट असतात, कमी उठावाचे, मध्यम आणि जास्त उठावाचे. रुंदी तीच राहते, पण उठावाप्रमाणे सीसी शंभरानं सहज वरखाली होतात. म्हणजे तुमची निवड खरी या तीन-चारांतच असते. बाकी आकडे तुमच्या शरीरानं आधीच बाद केलेले असतात.

रुंदीनंतर बघतात कातडी. पुढे ओढली तर किती येते? दोन सेंटीमीटरच्या आत आली तर घट्ट, तीनच्या पुढे गेली तर सैल. मग स्तनाच्या वरच्या भागात चिमूट घेतात. ती दोन सेंटीमीटरपेक्षा पातळ भरली, तर इम्प्लांट छातीच्या स्नायूखाली ठेवलेला बरा, नाहीतर कडा आणि सुरकुत्या वरून दिसतात. तुम्ही स्वतःच ‘अगदीच सपाट’ म्हणताय, तेव्हा तुमच्या बाबतीत हा प्रश्न नक्की येणार. शिवाय स्तनाग्रापासून खालच्या घडीपर्यंतचं अंतर मोजतात आणि आत मुळात किती भर आहे त्याचा अंदाज घेतात. अमेरिकेतल्या डॅलसचे सर्जन जॉन टेबेट्स आणि विल्यम अ‍ॅडम्स यांनी २००५ साली ही सगळी पद्धत नीट मांडून प्रसिद्ध केली. पाच मोजमापं, पाच निर्णय आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे वेळ पाच मिनिटं. आपल्याकडे पाच मिनिटांत रक्तदाबसुद्धा धड मोजून होत नाही ते सोडा, पण तपासणीत टेप किंवा कॅलिपर बाहेरच निघाला नाही, तर त्या सर्जनकडे पुन्हा जाऊ नका.

आता ‘थोडे मोठे’. मोठे हवे होते म्हणणाऱ्या बायका लहान हवे होते म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त भेटतात, हे खरं आहे. पण हे बहुधा ऑपरेशननंतर वर्षभराच्या आतलं बोलणं असतं. सूज उतरलेली असते, डोळ्यांना नव्या आकाराची सवय झालेली असते. दहा वर्षांनी काय वाटतं, ते तेवढ्या हौसेनं कोणी विचारत नाही. एक सीसी जेल म्हणजे साधारण एक ग्रॅम. ३५० सीसीची जोडी म्हणजे पाऊण किलोला थोडं कमी वजन, कायमचं. ते कातडी ताणतं, मूळचं मांस पातळ करतं, हळूहळू खाली ओढतं. रुंदीची हद्द ओलांडली तर दोन्ही इम्प्लांट मध्यभागी एकमेकांना भिडतात किंवा हात खाली सोडला की काखेपाशी अडकतात. त्यावर दुसरं ऑपरेशन होतं, ते पहिल्यापेक्षा अवघड असतं आणि खर्च पुन्हा लाखाच्या घरात जातो. तुमच्या मापात बसणाऱ्या तीन-चारांतला वरचा घ्यायचा असेल तर खुशाल घ्या. त्यापलीकडे जाऊ नका, आणि जायला सांगणाऱ्याचं ऐकू नका.

घरी करून बघण्याजोगी एक गोष्ट आहे. औषधाच्या मापानं ३०० मिलीलिटर तांदूळ मोजून पातळ पायमोज्यात भरा, गाठ मारा. असे दोन करा आणि पॅड नसलेल्या, एक माप मोठ्या ब्रामध्ये घालून अंगात घट्ट टीशर्ट घाला. आरशासमोर दोन मिनिटं उभं राहून काही कळत नाही. सुट्टीच्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत तसंच राहा. झाडू मारा, जिना चढा, कुशीवर झोपा, गर्दीच्या एसटीत उभ्यानं शिक्रापूरपर्यंत जाऊन या. मग २५० करून बघा, ३५० करून बघा. तांदूळ इंद्रायणी की कोलम हे मात्र कृपया विचारू नका. बाहेर भरलेला तांदूळ आणि स्नायूखाली दबलेला इम्प्लांट हुबेहूब सारखे दिसत नाहीत, आतला थोडा लहानच वाटतो. म्हणून हा खेळ मन ओळखण्यापुरता. आकडा मोजमापावरूनच ठरू द्या. मोठ्या शहरांत काही ठिकाणी थ्रीडी कॅमेऱ्यानं फोटो काढून पडद्यावर नवा आकार दाखवतात. तो बघा, पण ती हमी नव्हे.

मुलाचा विचार वर्षा-दोन वर्षांत असेल तर माझं स्पष्ट मत, थांबा. गरोदरपण आणि अंगावर पाजणं यांत स्तनांचा आकार बदलतो, कातडी सैलावते, आणि आज चपखल बसलेलं माप तेव्हा बसत नाही. इम्प्लांट असले तरी बहुतेक बायकांना दूध येतं, पण स्तनाग्राभोवतीच्या छेदात दुधाच्या नळ्या कापल्या जाण्याची शक्यता जास्त असते. खालच्या घडीतला छेद त्या मानानं बरा. आणि कंपनीत वजन उचलायचं काम असेल, तर चार ते सहा आठवडे ते बंद, हे रजेच्या हिशोबात धरा.

सर्जन एम.सीएच. किंवा डी.एन.बी. प्लास्टिक सर्जरी झालेला आहे का, ते तोंडावर विचारा. राग आला तर येऊ द्या.

प्रश्न : बायकोच्या वाढदिवसाला तिला हे ऑपरेशन भेट द्यायचं आहे. तिला सरप्राइज द्यायचंय, म्हणून विचारतो, तिच्या उंचीला कोणता आकार चांगला दिसेल?
— एक वाचक, केडगाव (ता. दौंड)

उत्तर : साडी घ्या. हा आकार फक्त तिनं ठरवायचा असतो, तोही तिला मुळात हवा असला तर.

प्रश्न : माझं वय ४८. दोन वर्षांपूर्वी कॅन्सरमुळे डावा स्तन काढला, नंतर शेक दिला. ब्लाउजमध्ये कापडाची घडी घालते, ती सरकते. शेतात वाकून काम करताना लाज वाटते. आता इम्प्लांट बसेल का? उजव्यासारखाच आकार येईल का? घरचे म्हणतात, या वयात कशाला.
— एक भगिनी, दौंड तालुका

उत्तर : ताई, दात पडल्यावर कवळी बसवताना कोणी वय विचारत नाही. एका बाजूचं वजन गेलं की खांदा उचलला जातो, मान-पाठ दुखते. यात नटण्याचा प्रश्नच नाही, आणि असला तरी कोणाला हिशोब द्यायचं कारण नाही. चेन्नईच्या स्टॅनली सरकारी रुग्णालयात २०१८ साली स्तनांच्या शस्त्रक्रियांचा मोफत दवाखाना सुरू झाला, तेव्हाही ‘गरिबांना ही चैन कशाला’ अशी ओरड झाली होती. ती ओरड करणाऱ्यांतल्या कितीजणांनी ब्लाउजमध्ये घडी सांभाळत खुरपणी केली असेल?

आता तुमच्या बाबतीतली महत्त्वाची गोष्ट म्हणजे शेक. रेडिएशन घेतलेली कातडी ताणत नाही आणि इम्प्लांटभोवती शरीर जे पातळ वेष्टण तयार करतं, ते अशा जागी घट्ट आवळलं जाण्याचा धोका बराच वाढतो. त्यामुळे सर्जन बहुधा नुसता इम्प्लांट सुचवणार नाहीत. पाठीचा स्नायू वळवून पुढे आणायचा, किंवा पोटाची चरबी आणि कातडी वर आणून स्तन घडवायचा, हे मार्ग तुमच्यासाठी जास्त खात्रीचे. पोटाकडून आणलेल्या स्तनाचा एक फायदा असा की तो तुमचाच असतो. तुम्ही जाड झालात तर तोही वाढतो, बारीक झालात तर उतरतो. कातडी थोडी साथ देत असेल तर कधी आधी एक्स्पांडर ठेवतात. ती रिकामी पिशवी असते, दर काही दिवसांनी सुईनं त्यात सलाइन भरत जागा वाढवतात आणि मग इम्प्लांट बसवतात. शेक झालेल्या जागी तेही जपूनच.

उजव्यासारखा हुबेहूब होणार नाही. अठ्ठेचाळिसाव्या वर्षीचा स्तन थोडा उतरलेला असतो आणि इम्प्लांट गोल, वर उभा राहतो. म्हणून पुष्कळदा उजवा थोडा उचलून किंवा लहान करून जोडी लावतात. ब्लाउज घातल्यावर दोन्ही सारखे दिसले म्हणजे काम उत्तम झालं, असं समजा. तशी दोन स्तन तंतोतंत सारखे असलेली बाई मुळात विरळाच. मापाची सुरुवात इथंही रुंदीपासूनच होते, फक्त ती उजव्या बाजूची घेतात.

विचारायला कुठं जायचं? जिथं उपचार झाले तिथं आधी, म्हणजे कॅन्सरचे डॉक्टर ‘आता हरकत नाही’ असं म्हणायला हवेत. पुण्यात ससूनमध्ये प्लास्टिक सर्जरीचा विभाग आहे. दौंडहून गाडीनं स्टेशनला उतरलात की ते अगदी जवळ. प्रशांती कॅन्सर केअर मिशन ही पुण्यातली संस्था स्तनांच्या कॅन्सरवरच काम करते. मुंबईत टाटा मेमोरियल आहेच. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत यातलं काय बसतं, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा आणि ऑपरेशनची तारीख घेण्याआधी विचारा.

ऑपरेशन नकोच असेल तरी घडीवर दिवस काढायची गरज नाही. बाहेरून लावायचा सिलिकॉनचा कृत्रिम स्तन मिळतो, डावा-उजवा वेगळा, ब्राच्या मापानुसार. घेताना तो हातात तोलून बघा. दुसऱ्या बाजूइतकं वजन असेल तरच खांदा सरळ राहतो. खिसा असलेली ब्रा सोबत घ्या, मग वाकलात तरी तो जागचा हलत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात सिलिकॉनखाली घाम धरतो, त्यावर सुती खोळ घाला. सुताचे विणलेले हलके स्तनही असतात. मुंबईत स्वयंसेवी बायका ते विणून मोफत देतात. त्यांना मागच्या बाजूनं उघडता येतं, त्यामुळे आतली भर कमी-जास्त करून आकार घरच्या घरी जुळवता येतो. धुऊन दोरीवर वाळतात. ते खूपच हलके असल्यानं खांद्याचा तोल त्यांनी साधत नाही, पण बांधावर दिवसभर काम करायचं असेल तर सोयीचे.

प्रश्न : हे इम्प्लांट पहिल्यांदा कोणी बसवले?
— एक विद्यार्थिनी, शिरूर

उत्तर : १९६२ साली, अमेरिकेत ह्यूस्टनला. थॉमस क्रोनिन आणि फ्रँक गेरो हे सर्जन. प्लास्टिकच्या मऊ पिशवीत भरलेलं रक्त हाताला लागलं आणि त्यावरून गेरोंना ही कल्पना सुचली, असं सांगतात. आधी एका कुत्रीवर प्रयोग झाला. पहिली बाई टिमी जीन लिंडसे. त्या गेल्या होत्या छातीवरचं गोंदण काढून घ्यायला. डॉक्टरांनी इम्प्लांटचं विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या की मला त्यापेक्षा कान मागे बसवून हवेत. शेवटी दोन्ही झालं. त्यांचं माप बी होतं, ते सी झालं. कोणता आकार हवा, याची निवड काही त्यांच्या हातात नव्हती.

प्रश्न : स्टँडजवळच्या भिंतीवर ‘आठ दिवसांत सुडौल’ अशी तेलाची जाहिरात आहे. उपयोग होतो का?
— एक वाचक, दौंड

उत्तर : तेलवाल्याला होतो.

प्रश्न : इम्प्लांट दर दहा वर्षांनी बदलावेच लागतात का? मी २०१६ मध्ये बसवले, त्रास काही नाही. त्या वेळी एक कार्ड दिलं होतं, ते कशासाठी?
— एक वाचक, शिरूर

उत्तर : दहा वर्षं ही काही मुदत नाही, पण ते जन्मभर टिकतील असंही कोणी म्हणत नाही. अमेरिकेच्या एफडीएनं २०२१ मध्ये हा इशारा इम्प्लांटच्या माहितीपत्रकात चौकटीत छापायला लावला. त्यांच्या सल्ल्यानुसार सिलिकॉन इम्प्लांटची पहिली तपासणी पाच-सहा वर्षांनी आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी, सोनोग्राफी किंवा एमआरआयनं. फुटलेला सिलिकॉन बाहेरून कळेलच असं नसतं, त्यामुळे ‘त्रास नाही’ यावर विसंबू नका. तुमची पहिली तपासणी झालीच नसेल तर ती आता करून घ्या. चाळिशीनंतर मॅमोग्राफी करताना इम्प्लांट असल्याचं तंत्रज्ञाला आधी सांगा, त्यासाठी फोटो वेगळ्या पद्धतीनं घेतात.

कार्ड शोधून काढा. त्यावरच्या चिकटपट्टीवर कंपनी, माप आणि लॉट क्रमांक असतो. फ्रान्सच्या पीआयपी कंपनीनं कारखान्यात वापरायचं सिलिकॉन भरल्याचं २०१० मध्ये उघड झालं. पुढे जुलै २०१९ मध्ये अ‍ॅलर्गन कंपनीनं ‘बायोसेल’ हे खरखरीत पृष्ठभागाचे इम्प्लांट जगभरातून परत मागवले, कारण त्यांचा लिम्फोमा या कॅन्सरच्या एका दुर्मीळ प्रकाराशी संबंध आढळला होता. दोन्ही वेळा बायकांना आपल्या आत काय आहे ते अशा कार्डावरूनच कळू शकत होतं. तुमचे २०१६ चे आहेत, म्हणून कंपनी आणि प्रकार तपासून घ्या. बायोसेल निघालेच तर घाबरून लगेच काढून टाकू नका, त्रास नसताना ते काढायला एफडीएही सांगत नाही. पण एका बाजूला अचानक सूज आली तर त्याच आठवड्यात सर्जनला दाखवा. कार्ड सापडत नसेल तर रुग्णालयाकडे ऑपरेशनच्या कागदांची नक्कल लेखी अर्जानं मागा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.