पाठीखालची थंडी : हिवाळ्यात हॅमॉकमध्ये मुक्काम करणाऱ्यांसाठी

हॅमॉकमध्ये, म्हणजे दोन झाडांना बांधलेल्या कापडी झोळीत, थंडी खालून लागते. उन्हाचीच सवय असलेल्या आपल्या सोलापूरकरांना हे ऐकून खरं वाटत नाही. आपण वरचं पांघरूण वाढवत राहतो, कानटोपी घालतो, दोन स्वेटर चढवतो आणि तरी पहाटे पाठ आणि मांड्या गार पडलेल्या असतात. यंदा सोलापुरातली गड्ड्याची जत्रा उरकल्यावर बामणोलीजवळ आमचा मुक्काम झाला, तेव्हा यावरचा एक स्वस्त आणि पक्का उपाय हाती लागला. तो सगळ्यांपर्यंत पोचावा म्हणून हे लिहितो आहे.

वाटेबद्दल थोडक्यात. सोलापूर, पंढरपूर, म्हसवड, दहिवडी, पुसेगाव, सातारा, मग कास आणि बामणोली. वासोटा गडावर जायचं तर बामणोलीत वनखात्याची परवानगी घ्यायची, शिवसागर जलाशयातून होडीने पलीकडे जायचं आणि संध्याकाळच्या आत परतायचं. हा भाग कोयना अभयारण्याचा, म्हणजेच २०१०मध्ये जाहीर झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा. तिथे रात्री मुक्काम करता येत नाही. हॅमॉक बांधायचं तर अलीकडच्या काठावर, खासगी शेतात आणि मालकाला विचारूनच.

वासोट्याचा इतिहासही धावताच सांगतो. शिवकाळात राजापुरात पकडलेले इंग्रज इथे कैदेत होते, पेशवाईत ताई तेलिणीने बापू गोखल्यांशी हा गड लढवला आणि १८१८मध्ये तो इंग्रजांकडे गेला. बाकीचं गडावर गेल्यावर वाचा. मला सांगायचं आहे ते आम्ही गडावर जाण्याच्या आदल्या रात्रीचं.

त्या रात्री काय झालं

आम्ही उतरलो होतो ती जागा पाण्यापासून थोडी वर होती. उताराच्या बांधावर आंबा आणि जांभळाची जुनी झाडं, पलीकडे मालकाचं घर, घराशेजारी भाताच्या पेंढ्याची गंजी. सूर्य डोंगराआड गेला आणि तासाभरात हवा बदलली. आमच्यातल्या एका मित्राने नवी स्लीपिंग बॅग आणली होती. तिच्यावर शून्याखालचा आकडा छापलेला होता आणि त्याचा त्यावर पूर्ण विश्वास होता. जेवणाआधी तो सहज हॅमॉकमध्ये पडून बघायला गेला आणि अर्ध्या तासात उठून आला. छाती गरम, पाठ गार.

त्याची बॅग खोटी नव्हती. स्लीपिंग बॅगेवरचं तापमान ठरवण्याची जी युरोपीय चाचणी आहे, तिच्यात उष्णता मोजणारा पुतळा बॅगेत घालून खाली चटईसारखा थर देतात. म्हणजे तो आकडा बॅग आणि खालचा थर या दोघांचा मिळून असतो. हॅमॉकमध्ये खाली थर नसतो. तिथे असतं कापड आणि त्याखाली वाहता वारा. शिवाय बॅगेची ऊब तिच्या भरावात अडकलेल्या हवेमुळे असते. अंगाच्या भाराने पाठीखालचा भराव चेपला की ती हवा निघून जाते आणि मागे दोन कापडं उरतात. म्हणून अंदाजे २० अंशांच्या खाली हवा गेली की हॅमॉकमध्ये बहुतेकांना पाठीला गारवा जाणवू लागतो. आपल्याकडे तर कास-महाबळेश्वरच्या पट्ट्यात जानेवारीत पारा १०च्या आसपास आणि कधी त्याच्याही खाली येतो.

शेताचे मालक, आम्ही त्यांना आबा म्हणत होतो, बैलांना वैरण टाकून आमच्याकडे आले. मित्राची कथा ऐकून म्हणाले, "खालनं वारं लागतंय, तर वर किती बी घ्या, काय उपेग? काड भरा की खाली." आणि गंजीतून दोन पेंढ्या ओढून आमच्यासमोर टाकल्या.

पुढचं डोकं चाललं ते चादरीच्या कारखान्यात वाढलेल्या आमच्या दुसऱ्या मित्राचं. त्याच्याजवळ घरची सोलापुरी चादर होती. त्याने ती लांबीत दुमडून दुहेरी केली आणि दोन्ही बाजू दाभण-सुतळीने टाचल्या. एकेरी चादर साधारण साठ इंच बाय नव्वद इंच असते, त्यामुळे पाच फूट बाय पावणेचार फुटांची पिशवी तयार झाली. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत ती नेमकी पुरते. आत चार बोटं जाडीचा पेंढा मोकळा पसरला, तोंड शिवलं आणि ती पिशवी हॅमॉकच्या खाली, बाहेरून टांगली.

आता तीन तऱ्हा शेजारीशेजारी होत्या. एकाने हॅमॉकच्या आत फोमची कॅरीमॅट घातली होती. एकाच्या खाली पेंढ्याची चादर होती. आणि नव्या बॅगेचा मित्र अजूनही बॅगेवर ठाम होता. रात्री दोनच्या सुमारास तो उतरला आणि उरलेला पेंढा जमिनीवर पसरून त्यावर झोपला. कॅरीमॅटवाला झोपला, पण मॅट सारखी सरकत होती आणि प्रत्येक कुशीला त्याला जाग येत होती. पेंढ्याच्या चादरीवरचा गडी मात्र ऊन तोंडावर आल्यावरच उठला. पहाटे ताडपत्रीवरून दव ठिबकत होतं आणि खाली पाण्यावर धुक्याचा थर होता, इतकी ती रात्र गार होती.

पेंढ्याची चादर कशी करायची

परदेशात याच कामासाठी अंडरक्विल्ट मिळते, म्हणजे हॅमॉकखाली बाहेरून टांगायची हलकी रजई. तत्त्व तेच. भराव अंगाखाली चेपला जात नाही, म्हणून त्यातली हवा टिकते. ज्याला परवडते त्याने ती जरूर घ्यावी, वजनाला ती कितीतरी हलकी आहे. पण तेवढ्या खर्चाअभावी कुणी थंडीत कुडकुडू नये.

नुसती चादर टांगून भागत नाही. सोलापुरी चादर सुती आणि घट्ट विणीची, टिकायला उत्तम, पण तिच्यात फुगीर भराव नाही. ऊब पेंढा देतो, चादर त्याला फक्त धरून ठेवते. चादरीच्या कोपऱ्याला भोक पाडू नका. कोपऱ्यात सुपारीएवढा गोटा ठेवा, कापड त्याच्याभोवती आवळा आणि त्या गाठीमागे दोरी बांधा. कितीही ओढलं तरी ती निसटत नाही. दोरी आणि हॅमॉकच्या टोकाच्या मध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घाला, म्हणजे तुम्ही हललात तरी पिशवी पाठीला लागून राहील. मध्ये फट राहिली की तिथून वारा खेळतो आणि सगळी मेहनत वाया जाते. फार आवळलीत तर पेंढा दबतो. आत झोपून जोडीदाराला खालून हात फिरवायला सांगा, फट लगेच कळते.

पेंढा भाताचाच हवा, कोरडा आणि गंजीच्या आतला. गोठ्यातला घेऊ नका, त्यात गोचिडी असतात. आपल्याकडचा ज्वारीचा कडबा चालत नाही, त्याची ताटं जाड आणि ताठ असतात. पिशवीखाली एखादा रेनकोट सैल टांगला तर वारा आणखी अडतो. पायांखाली पेंढा पोचत नाही, तिथे हॅमॉकच्या आत सॅक किंवा जादा कपडे घाला. आणि ज्याच्याखाली पेंढा आहे त्याच्या आसपास शेकोटी, स्टोव्ह, विडी, काहीही नको. यात सूट नाही.

हॅमॉक मूळचं कॅरिबियन बेटांवरच्या लोकांचं. १४९२च्या कोलंबसाच्या सफरीनंतर ते युरोपला कळलं आणि पुढे जहाजांवर गेलं. इंग्रजी आरमारातले खलाशीही हॅमॉकमध्ये गादी घालूनच झोपत. खालचा थर लागतो हे त्यांनाही ठाऊक होतं.

जागा आणि झाड

थंड हवा जड असते, रात्री ती उतारावरून ओघळून तळाशी साचते. महाबळेश्वरात कडाक्याच्या थंडीत दव गोठतं ते वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या सखल भागात, बाजारपेठेत नव्हे. म्हणून फोटोसाठी पाण्याच्या काठाला जाऊ नका. उताराच्या मध्यावर, वाऱ्याची दिशा बघून, झाडांच्या आडोशाला बांधा. माथा आणि तळ दोन्ही टाळा.

थंडीत पाऊस नसला तरी वर ताडपत्री हवीच. निरभ्र रात्री अंगाची उष्णता थेट आकाशाकडे जाते, ती ताडपत्री अडवते आणि दवही अडवते. वाऱ्याकडची कड जमिनीपर्यंत खाली ओढा.

झाड जिवंत, मांडीएवढं जाड आणि पक्कं हवं. शेवगा आणि पांगारा नको, त्यांचं लाकूड कमकुवत. वर बघा : वाळलेली फांदी आहे का, आग्या मोहोळ आहे का. आंब्यावर पानं चिकटवून केलेली लाल मुंग्यांची घरटी असतात, तीही बघा. झाडाला दोरी नको, दोन इंच रुंद पॉलिएस्टरचा पट्टा वापरा, म्हणजे साल कापली जात नाही.

पट्टा जमिनीच्या रेषेशी ३० अंशांचा कोन करेल असा बांधा. या कोनात ७० किलोच्या माणसाचा प्रत्येक पट्ट्यावर साधारण ७० किलोचाच ताण येतो. ताठ ओढून कोन १० अंशांवर आणलात तर तोच ताण २०० किलोच्या घरात जातो, आणि मग पट्टा तुटतो किंवा झाड सोलतं. झोपल्यावर बूड जमिनीपासून खुर्चीच्या उंचीवर राहिलं पाहिजे. आत थोडं तिरकं झोपा, पाठ सपाट राहते.

अंगातली ऊब

झोपण्याआधी पोटभर खा. कडक भाकरी आणि शेंगाचटणी यासाठी उत्तम : टिकते, सांडत नाही आणि शेंगदाण्यातलं तेल रात्रभर अंगाला जळण पुरवतं. चालून घामट झालेले कपडे बदला, कोरडे मोजे झोपण्यासाठीच राखून ठेवा. स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून ती मोज्यात घाला आणि मांड्यांमध्ये धरा. तोंड बॅगेच्या बाहेर ठेवा, नाहीतर श्वासाच्या वाफेने बॅग आतून ओलसर होते. लघवीला लागली तर लगेच उठा. दारू अजिबात नको. तिने कातडीकडचा रक्तप्रवाह वाढतो, गरम वाटतं आणि अंगातली उष्णता मात्र निघून जाते.

कुणी थरथरत असेल तर त्याला लगेच खाली उतरवा, कोरड्या कपड्यांत जमिनीवरच्या जाड थरावर झोपवा, गरम आणि गोड प्यायला द्या. बोलणं अडखळू लागलं, तोल जाऊ लागला किंवा ऊब न मिळताच थरथर थांबली तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. असं व्हायला बर्फ लागत नाही. ओले कपडे, वारा आणि १० अंशांची हवा एवढं पुरतं.

गर्दीबद्दल

शनिवार-रविवारी आणि नववर्षाच्या तोंडावर शिवसागराच्या काठाला तंबूंच्या रांगा लागतात. मध्यरात्रीपर्यंत स्पीकर चालू असतो आणि सकाळी कागदी प्लेटा पाण्यावर तरंगतात. पलीकडे जंगलात गवे, अस्वलं आणि बिबटे आहेत, आणि अलीकडच्या काठावर ज्यांची खालची सुपीक शिवारं कोयना धरणात गेली ती माणसं उरल्यासुरल्या उतारावर शेती करतात. त्यांच्या झोपेची किंमत न ठेवणाऱ्याला, झाडाला खिळा ठोकणाऱ्याला आणि कचरा मागे टाकून जाणाऱ्याला मी ट्रेकर मानत नाही, मग त्याने कितीही गड केलेले असोत. जायचंच तर मधल्या वारी जा, चार-पाच जणच जा आणि अंधार पडल्यावर आवाज खाली ठेवा.

आधी घरी तालीम करा. डिसेंबरात सोलापूरच्या आसपास एखाद्या मळ्यातल्या दोन कडुलिंबांना हॅमॉक बांधून एक रात्र काढा. जे चुकायचं ते तिथे चुकू दे, घर जवळ असतं.

आणि पेंढ्याबद्दल शेवटचं. तो जनावरांची वैरण आहे. विचारून घ्या, पैसे पुढे करा आणि सकाळी पिशवी उसवून, काड झाडून, कोरडं असेल तसं गंजीजवळ नेऊन द्या. त्यात सुतळीचा किंवा प्लास्टिकचा एकही तुकडा राहू देऊ नका, बैलाच्या पोटात जातो.