वाट अडते तेव्हां

शास्त्रपाठ : प्रेषितांचीं कृत्यें १६:६-३४



प्रभूनें आपणांस वाट दाखवावी अशी प्रार्थना आपण सर्वच करितों. परंतु त्याचें उत्तर 'नको' असें आलें, तर तें ऐकण्याची आपल्या मनाची तयारी असते काय? पौलाला असें उत्तर एकदां नव्हे, दोनदां मिळालें.

पौल व त्याचे सोबती फ्रुगिया व गलतिया ह्या प्रांतांतून चालले होते. आशिया प्रांतांत वचन सांगण्यास पवित्र आत्म्यानें त्यांस मनाई केली. मग ते बिथुनियाकडे वळूं लागले. तेथेंही त्यांस जाऊं दिलें नाहीं. त्यांचा हेतु वाईट होता काय? मुळींच नाहीं. पण काम चांगलें आहे एवढ्यावरून तें आजच, येथेंच व आपल्याच हातून व्हावें असें ठरत नाहीं. सेवकाला हा धडा फार कठीण जातो.

पौल रुसून बसला नाहीं, कीं घरीं परतला नाहीं. जी वाट मोकळी होती तिनें तो त्रोवसापर्यंत चालत गेला. तेथें रात्रीं त्याला मासेदोनियांतील मनुष्याचा दृष्टांत झाला. दृष्टांत एकट्या पौलाला झाला, पण देवानें बोलाविलें आहे हें अनुमान सर्वांनीं मिळून काढिलें. लूक येथून 'आम्ही' असें लिहूं लागतो. तेव्हां ज्याला पाचारण झाल्यासारखें वाटतें, त्यानें तें बंधुजनांपुढें मांडण्यास लाजूं नये.

फिलिप्पै नगरांत मोठा समुदाय वाट पाहत नव्हता. नदीकांठीं कांहीं स्त्रिया मात्र जमल्या होत्या. त्यांतील लुदियेचें अंतःकरण प्रभूनें उघडलें. ती थुवतीरा नगराची, म्हणजे ज्या आशिया प्रांतांत पौलाला बोलूं दिलें नव्हतें तेथलीच! पुढें फटके बसले, पाय खोड्यांत अडकले. तरी दृष्टांत खोटा होता असें पौल म्हणाला नाहीं. मध्यरात्रीं तो व सीला देवाचीं गीतें गात होते, आणि त्याच रात्रीं बंदिशाळेच्या नायकाचा सहकुटुंब बाप्तिस्मा झाला. म्हणून लोकांचा विरोध हीच देवाची मनाई, असें समजूं नये.

आणि अडलेल्या त्या दोन प्रांतांचें काय झालें? पुढें पौल इफिसांत दोन वर्षें राहिला व आशियांतील लोकांनीं वचन ऐकिलें. बिथुनियांतील विश्वासणाऱ्यांस पेत्रानें पत्र लिहिलें, आणि इ. स. ११२ च्या सुमारास तेथील रोमी सुभेदार प्लिनी यानें, हा धर्म खेड्यापाड्यांतही पसरला आहे, असें सम्राटाला कळविलें. देवाचें 'नको' हें 'अजून नको' असें होतें.

उपदेशकाची मनाविरुद्ध बदली होते. आजारामुळें ठरलेली फेरी राहते. अशा वेळीं आपण कसे वागतों? शिकलेला बैल कासऱ्याच्या हलक्या ओढीनें वळतो. हट्टी बैलाला पराणी लागते. प्रभूच्या हातीं आपण कोणता बैल आहों?

मननासाठीं प्रश्न :
१. प्रार्थना करण्यापूर्वींच मीं उत्तर ठरवून ठेविलें आहे काय?
२. वाट अडली म्हणून मीं चालणेंच सोडलें आहे काय?
३. माझ्या नदीकांठची लुदिया कोण?