दोन पानांची वही

घरात लांबणीवर पडणारं आजारपण आलं, की भेटायला येणारी माणसं एक वाक्य हमखास बोलतात : "निदान जीव वाचला, देवाचे आभार माना." यजमानांना पक्षाघात झाला, उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली, तेव्हा हे मी इतक्या जणांकडून ऐकलं की पुढे मीही तेच बोलू लागले. नात्यातल्या एका बाईंनी तर दवाखान्यातच हातात वही ठेवली. रोज झोपण्याआधी पाच चांगल्या गोष्टी लिहायच्या, आणि वाईट मात्र एकही शब्द लिहायचा नाही, अशी त्यांची अट होती. सांगण्यात माया होती. पण त्या अटीने पुढे जे झालं, ते रुग्ण सांभाळणाऱ्या प्रत्येकीला कळावं म्हणून हे लिहिते आहे.

सुरुवातीला वहीने मला खरोखर सावरलं. शेजारच्या काकूंनी न विचारता भाकरी-भाजी पाठवली, रक्तपेढीपर्यंत जायला रिक्षावाल्याने रात्री नकार दिला नाही, अशा गोष्टी लिहिताना छातीवरचा दगड थोडा हलायचा. पण घरी आल्यावर दिवस एकसारखे झाले. शय्याव्रण होऊ नये म्हणून रात्रभर दर दोन तासांनी कूस बदलायची, चादर ओली झाली की बदलायची, आणि पहाटे पुन्हा दूध तापवायचं. मग वहीत रोज तेच उतरू लागलं. डोक्यावर छप्पर आहे, मुलगा गुणी आहे, पेन्शन आहे. हात लिहायचा, मनाला काही पोचायचं नाही.

त्याहून वाईट म्हणजे, माझा थकवा सांगायला कागदसुद्धा उरला नव्हता. ह्यांनी औषध थुंकलं की मी चिडायचे, आणि लगेच मनात यायचं, ज्याचा जीव वाचावा म्हणून नवस केले त्याच्यावर चिडतेस? कृतज्ञता अशी अपराधाच्या भावनेत कधी बदलली, ते कळलंच नाही. झोप उडाली, जेवणाची वासना गेली, रडूही येईना. रक्तदाब तपासायला गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी "तुम्ही कशा आहात?" एवढंच विचारलं. "देवाच्या कृपेने सगळं छान," माझं ठरलेलं उत्तर तोंडातून निघालं. त्यांनी काट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मानसोपचारतज्ज्ञांना चिठ्ठी लिहून दिली. नैराश्याचं निदान झालं, औषधं सुरू झाली. त्या तज्ज्ञ बाई म्हणाल्या, "वही सोडू नका. फक्त तिच्यात खोटं लिहू नका."

तेव्हापासून माझी वही दोन पानांची झाली. डावीकडे त्या दिवशी जड गेलं ते लिहिते, आणि तेही आधी. उजवीकडे कुणी काय केलं ते. डावं पान भरल्याशिवाय उजव्याला हात लावायचा नाही, हा नियम मी कुणालाही अगदी आग्रहाने सांगते. दुःख लिहून झालं की उजव्या पानावर जे उमटतं ते खरं असतं, मग ते एकच ओळ का असेना.

पुढे कृतज्ञतेच्या नोंदींवर मिळेल ते वाचलं. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2003 मध्ये यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांतल्या एकात स्नायू आणि मज्जातंतूंचे जुने विकार असलेली माणसं होती. त्यांनी 21 दिवस अशा नोंदी केल्या, तेव्हा त्यांना झोप बरी लागू लागली, आणि त्यांच्या जोडीदारांनाही ती अधिक समाधानी वाटली. म्हणजे आजारपणाच्या घरातही याचा उपयोग होतो. पण सोन्या ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांना असं आढळलं, की आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना नाही. वाचताना माझी ती रोजची पाच कलमं आठवली. सवय रोजची हवी ती बघण्याची, ऐकण्याची. लिहिणं आठवड्यातून एकदा झालं तरी पुरे. जबरदस्तीने आकडा पुरा करण्यात काही अर्थ नाही.

मार्टिन सेलिगमन यांनी 2005 मध्ये तपासलेल्या पद्धतीत आणखी एक गोष्ट होती : चांगलं घडलं ते का घडलं, हेही लिहायचं. हा 'का' फार महत्त्वाचा आहे. आमच्याकडे शुश्रूषेला मावशी येतात. "मावशी आल्या, बरं झालं," असं लिहिलं तर दुसऱ्या दिवशी ते शिळं होतं. पण का बरं झालं, हे शोधायला लागले तेव्हा मी त्यांच्याकडे नीट पाहू लागले. आंघोळीच्या पाण्यात त्या आधी स्वतःचं कोपर बुडवतात, कारण ह्यांच्या उजव्या अंगाला चटका कळत नाही. सदरा घालताना बाही आधी लुळ्या हातात चढवतात, काढताना तो हात शेवटी मोकळा करतात, म्हणजे खांदा ओढला जात नाही. महिनोन् महिने हे माझ्या डोळ्यांदेखत चाललं होतं.

आणि लिहिलेलं त्या माणसाला सांगा. आपल्याकडे कार्यक्रमाच्या शेवटी आभारप्रदर्शन होतं, पोळ्याला बैलाला पुरणपोळी भरवतात, दसऱ्याला अवजारांची पूजा होते, पण घरातल्या माणसापुढे जीभ रेटत नाही. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी 2018 मध्ये दाखवलं, की आभाराचं पत्र लिहिणाऱ्याला वाटतं, समोरचा अवघडेल. प्रत्यक्षात तो कितीतरी कमी अवघडतो आणि अपेक्षेपेक्षा जास्त सुखावतो. माझ्या जाऊबाई दर रविवारी येऊन ह्यांची दाढी करायच्या, नखं काढायच्या. एकदा धीर करून म्हटलं, "वहिनी, रविवारी तुम्ही येता म्हणून मला दोन तास डोळा लागतो." त्या म्हणाल्या, "अगं, मला तर वाटायचं माझी तुला अडचण होते!" नुसतं 'थँक्यू' म्हटलं असतं तर "परक्यासारखं काय बोलतेस" म्हणून विषय संपला असता. 'डोळा लागतो' म्हटल्यावर त्या बुधवारीही येऊ लागल्या.

अंथरुणावरच्या माणसाचाही विचार करा. त्याला दिवसभर फक्त घ्यावंच लागतं, आणि वर कृतज्ञ राहा म्हणून ऐकावंही लागतं. ह्यांना आता मी वाळलेले रुमाल देते. डाव्या हाताने ते सावकाश घड्या घालतात. त्या वाकड्या होतात, पण तेवढं माझं काम खरंच कमी होतं, आणि तसं मी त्यांना सांगते. उगाच लहान मुलासारखं कौतुक केलं तर त्यांना लगेच कळतं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. कृतज्ञतेची वही म्हणजे नैराश्यावरचं औषध नव्हे. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा नैराश्य आणि चिंता यांवर अशा उपायांचा परिणाम थोडाच दिसला. दोन आठवडे झोप नाही, कशात रस नाही, जगणं नकोसं वाटतं, असं असेल तर चांगल्या गोष्टी मोजत बसू नका. डॉक्टरांकडे जा. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मिळते, मराठीतूनही बोलता येतं.

आणि अशा घरी तुम्ही भेटायला जाणार असाल, तर आभार मानायला सांगू नका. कोणत्या वारी, किती ते किती वाजेपर्यंत रुग्णाजवळ बसाल, ते सांगा आणि त्या वेळेला या.