अभ्यासकाचा देह



मोहाडी तालुक्यातल्या आपल्या वस्तीत एखादे दिवशी कॉलेजचा विद्यार्थी वही घेऊन येतो. दीक्षेनंतर घरात काय बदलले, देव्हारा काढला काय, लग्न कोणत्या विधीने लावता, असे विचारतो. त्याला उत्तरे द्यावीत. पण तो कुठे बसला, दिलेले पाणी प्याला की नाही, इकडेही लक्ष असू द्यावे. समाजाचा अभ्यास दुर्बिणीतून होत नाही. अभ्यासक स्वतःचा देह घेऊन दारात येतो आणि त्या देहाला जात, वय, स्त्री-पुरुषपण चिकटलेले असते. त्यावर त्याला काय दिसेल आणि काय दिसणार नाही, हे पुष्कळसे ठरते.

याचा सर्वांत बोलका दाखला पूज्य बाबासाहेबांच्या चरित्रात आहे. १९२९ साली मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठी समिती नेमली. बाबासाहेब तिचे सभासद होते. त्या कामी ते खानदेशात गेले. धुळ्याकडील एका बहिष्काराची चौकशी करून परतताना, लोकांच्या आग्रहाखातर ते चाळीसगावला उतरले. स्टेशनवर बराच वेळ ताटकळल्यावर टांगा आला. पुढे नदीवरच्या मोरीवर चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पाय मोडला. टांगा घोड्यासकट नदीत गेला. मागून उलगडा झाला. अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार नव्हता. पाहुण्याने पायी यावे हे वस्तीला बरे वाटेना, म्हणून टांगा भाड्याने घेऊन आपल्यातल्याच एकाने लगाम धरला. त्याने टांगा कधी हाकलेला नव्हता. चौकशी करणारा बॅरिस्टर आणि ज्याची चौकशी करायची तो अन्याय, दोन्ही एकाच देहात भेटले. स्पृश्य सभासदाला ही गोष्ट ऐकावी लागली असती. बाबासाहेबांना ती हाडात कळली.

इरावतीबाई कर्वे पंढरीच्या वारीत चालल्या. तो अनुभव ‘वाटचाल’ या लेखात आहे. दिंडीत ब्राह्मण आणि मराठे भजन एकत्र म्हणत, जेवत मात्र वेगळे. बाईंनी मराठा बायकांबरोबर जेवण घेतले, तेव्हा त्या बायका हात धरून घरची सुखदुःखे सांगू लागल्या. हे मोलाचेच. पण १९४७ साली साने गुरुजींनी उपोषण केले, त्याआधी पंढरीला गेलेल्या महार वारकऱ्याला विठ्ठलमंदिराचे दार बंद होते. त्याच्या पायांना कळलेले पंढरपूर निराळे.

आता आपलीही मुलेमुली पीएच.डी. करतात. आपल्या वस्तीतले आपल्याला सारे ठाऊक, असे त्यांनी धरून चालू नये. “तुला तर माहीतच आहे,” म्हणून लोक अर्धे सांगतच नाहीत. गावात गेल्यावर आडनाव ऐकून बोलणे बदलते. रोवणीच्या दिवसांत बांधीच्या धुऱ्यावर उभ्या राहिलेल्या मुलीला बाया मजुरीचा दर सांगतील. चिखलात उतरून पऱ्हे लावणाऱ्या मुलीला त्या आणखीही काही सांगतील, आणि पिण्याचे पाणी कोणत्या भांड्यातून येते हे तिचे तिलाच दिसेल. आलेला राग, लाज, थकवा तिने वहीत वेगळ्या पानावर तारखेनिशी लिहावा. सतिपट्ठान सुत्तात काया, वेदना, चित्त यांकडे जागेपणी पाहण्याची जी शिस्त आहे, ती येथे उपयोगी पडते.

आणि वही घेऊन आलेल्याला आपणही एक प्रश्न विचारावा: लिहून झाल्यावर वाचून दाखवणार काय? तो खरोखर परत आला, तर त्याला जेवूनच जाऊ द्यावे.