काटा केबिनमध्ये, डिझेल केबिनबाहेर

मेकॅनिकल पंपाच्या जुन्या ट्रकला डिझेल प्रेशर गेज लावून बघावं, असं माझं ठाम मत आहे. तितक्याच ठामपणे हेही सांगतो, की भलत्या पद्धतीने बसवलेलं गेज हे मुळात गेज नसण्यापेक्षा वाईट. दोन्हींचा अनुभव एकाच गाडीवर आला, म्हणून हे लिहितो आहे.

आमची गाडी पुण्याहून कोल्हापूरच्या फाउंड्रीसाठी भंगार भरून यायची. सपाटीला काही तक्रार नव्हती. खंबाटकी चढायला लागली की दम सोडायची. ॲक्सिलेटर तळाला टेकला तरी ओढ नाही, आणि धूरही काळा नाही. ही खूण प्रत्येक गाडीमालकाने लक्षात ठेवावी. हवेचा फिल्टर चोंदला तर गाडी काळा धूर ओकते; डिझेलच कमी पोचत असेल तर धूर न टाकताच मरगळते. पंपवाल्याने मात्र सरळ पंप उतरवून उघडायला सांगितलं. पंप उघडायचा म्हणजे कॅलिब्रेशन, नोझल, सुटे भाग आणि तोवर गाडी उभी. त्याआधी पंपापर्यंत डिझेल नीट येतं का, तेवढं बघूया म्हणून मी गॅरेजमध्ये गेज लावून घेतलं.

गेजने निदान लगेच केलं. गाडी जागेवर चालू असताना काटा सव्वा किलोवर. (चौरस सेंटिमीटरला किलो, या मापाला आपले फिटर नुसतं ‘किलो’ म्हणतात, 1 किलो म्हणजे साधारण 14 पीएसआय.) लोड घेऊन चढ लागला की काटा अर्ध्या किलोच्याही खाली. फिल्टर नवे होते. मग टाकीपासून मागोवा घेतला, तर फीड पंपाकडे येणाऱ्या रबरी पाइपचा आतला थर सुटलेला. इंजिनाने जास्त डिझेल मागितलं की ओढीने तो थर आतल्या आत चिकटून वाट बंद करायचा. बाहेरून पाइप धडधाकट दिसत होता. पाइप बदलला आणि घाटातही काटा एक किलोच्या वर राहिला. पंपाला हातही लावावा लागला नाही.

गेज एवढं कामाचं ठरल्यावर ते डॅशबोर्डवर कायमचं राहिलं. त्यानंतरच्या मे महिन्यात, भर दुपारी हायवेवर आमचे ड्रायव्हर आप्पा म्हणाले, “मालक, पाय सरकायलाय पेडलवरनं.” मी खाली वाकून पाहिलं. डॅशबोर्डखाली गेजचा पाइप तडकला होता आणि त्यातून डिझेल थेट ब्रेक-क्लचच्या पेडलवर उडत होतं. मॅट भिजलेली, पेडलचं रबर तेलकट, आणि वर हातभर अंतरावर फ्यूज बॉक्स. आप्पांनी गाडी गिअरवर हळू करत कडेला घेतली आणि स्टॉप ओढला. इंजिन बंद पडताच उडणारं डिझेल थांबलं, कारण फीड पंप इंजिनावरच चालतो. बॅटरीची मेन काढली, तेव्हा कुठे मला नीट श्वास घेता आला.

पाइप तडकला कसा? फिटर रोज एअर ब्रेकच्या गेजचा पाइप केबिनमध्ये नेतो. हा पाइपही त्याने त्याच सवयीने नेला होता. पण एअरचा पाइप फुटला तर हवा सुस्कारते. इथे पाइपभर डिझेल होतं. मेकॅनिकल गेजच्या आत इंग्रजी सी अक्षरासारखी वाकवलेली, चपटी, पोकळ नळी असते. फ्रान्सच्या यूजीन बूर्दाँ यांनी 1849 मध्ये तिचं पेटंट घेतलं. नळीत दाब शिरला की ती सरळ होऊ पाहते आणि काटा हलतो. म्हणजे दाब ‘कळवला’ जात नाही, डिझेल स्वतः काट्यापर्यंत जातं. त्यातून आमच्या गाडीत वापरलेला पाइप बांधकामावरच्या लेव्हल पाइपसारखा पारदर्शक होता. डिझेल त्या प्लास्टिकचा मऊपणा शोषून घेतं, पाइप कडक होतो आणि तडकतो. पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट नव्हतं, तिथेच तो घासून गेला होता.

“डिझेल काय पेट्रोल आहे का पेटायला?” असं म्हणणारे खूप भेटतात. भारतीय मानकानुसार (आयएस 1460) आपल्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट किमान 35 अंश सेल्सिअस असावा लागतो. म्हणजे त्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने भडकू शकते. मे महिन्यातली दुपार आणि पायाखाली तापलेलं इंजिन, हे जमेस धरून केबिनमधल्या डिझेलचा विचार करा.

आता गेज बसवायचं कसं, ते सांगतो.

गेज निवडताना एअरचं 10 किलोचं घेऊ नका. आपल्याला एक-दीड किलो वाचायचं आहे, तेव्हा 0 ते 4 किलोचं घ्या. ग्लिसरीन भरलेलं मिळालं तर उत्तम. फीड पंप धक्क्या-धक्क्याने डिझेल ढकलतो, त्यामुळे काटा थरथरतो आणि आतले दाते झिजतात. गेजच्या अलीकडे बारीक नीडल व्हॉल्व बसवून तो किंचितच उघडा ठेवला, की काटा स्थिर राहतो. काही बिघडलंच तर तोच व्हॉल्व बंदही करता येतो.

जोड फिल्टरनंतर, पंपाच्या तोंडाशी घ्या. टाकी ते फीड पंप या भागात दाब नसतो, ओढ असते; तिथला सैल जोड डिझेल गाळत नाही, हवा खेचतो. पोकळ बँजो बोल्टला भोक पाडून आटे काढण्यापेक्षा तयार पोर्टचा बोल्ट घ्या. भोकाने बोल्ट कमजोर होतो. तांब्याचे वॉशर दर वेळी नवे टाका. आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळू देऊ नका, तिचे तुकडे सुटून पंपात जातात. पाइप डिझेलसाठीचा, आत दोऱ्याची वीण असलेला रबरी हवा. तो सायलेन्सर आणि टर्बोपासून लांब न्या आणि इंजिन हलतं म्हणून थोडा सैल ठेवा.

सगळं जोडून झालं की फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून, बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप मारून हवा काढा. मग गाडी चालू करून प्रत्येक जोडाला कोरडं फडकं लावून बघा.

रीडिंग घेताना लक्षात ठेवा, बहुतेक जुन्या पंपांना 1 ते 1.5 किलो दाब लागतो. आपल्या पंपाचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. फिल्टरच्या आधी दाब ठीक आणि नंतर कमी, तर फिल्टर चोंदला. दोन्हीकडे कमी, तर फीड पंप, टाकीकडचा पाइप किंवा टाकीतली जाळी तपासा. सगळं ठीक असूनही दाब कमीच, तर पंपाच्या ओव्हरफ्लो व्हॉल्वची स्प्रिंग बघा. दाब नेहमीपेक्षा जास्त, तर रिटर्नची वाट अडली आहे. जागेवर रेस देऊन घेतलेलं रीडिंग पुरेसं नसतं. आमचा दोष फक्त भरलेल्या गाडीत, चढावरच दिसला.

नोझलकडे जाणाऱ्या लोखंडी पाइपांना मात्र हात लावायचा नाही. तिथे शेकडो किलो दाब असतो, कॉमन रेलमध्ये तर हजाराच्या वर. सुईइतकी बारीक धारही कातडीतून आत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसली तरी थेट सर्जनकडेच जावं लागतं, उशीर झाला तर बोट किंवा हात जाऊ शकतो. नव्या बीएस-6 गाड्यांना असं गेज जोडूच नका. त्यांचं काम स्कॅनरवाल्याकडे द्या.

केबिनमध्ये काटा कायमचा हवाच असेल, तर इंजिनावर सेन्सर बसवून फक्त वायर आत घ्या. नाहीतर आयसोलेटर लावा. त्यात पातळ पडद्याच्या अलीकडेच डिझेल थांबतं आणि काट्यापर्यंत न पेटणारं द्रव जातं. पण खरं सांगायचं तर बहुतेक मालकांना कायमच्या गेजची गरजच नसते. पाइप बाहेरून नेऊन गेज आरशाच्या दांडीला घट्ट बांधा, भरलेली गाडी घाटात न्या, शेजारी बसलेल्याला काटा वाचू द्या. आकडे तारखेसह गाडीच्या वहीत लिहा, गेज काढा, पोर्टला प्लग मारा. पुन्हा ओढ कमी वाटली तर त्याच पोर्टला गेज लावून वहीतल्या आकड्यांशी ताडून पाहा, आणि त्यानंतरच पंपवाल्याची पायरी चढा.