टेम्पोचं ॲव्हरेज आणि ज्वलनाचा धडा

शिक्षक मित्रांनो, पालकांनो, ज्वलन शिकवताना आपण मेणबत्तीवर पेला पालथा घालतो आणि पुढे जातो. त्याऐवजी अंधेरी-घाटकोपर रस्त्यावर माल पोचवणारा जुना पेट्रोल टेम्पो घेऊन बघा. वर्गातल्या एखाद्या मुलाचं घर अशाच टेम्पोवर चालत असतं. ॲव्हरेज पडलं की घरात काय होतं, हे त्याला सांगावं लागत नाही.

१ किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण राखायला सायलेन्सरच्या पाइपात ऑक्सिजन सेन्सर असतो. (जुन्या डिझेल ट्रकमध्ये तो नसतो, मुलं विचारतातच!) धुरात ऑक्सिजन उरला तर तो ०.१ व्होल्टच्या आसपास दाखवतो, उरला नाही तर ०.९ च्या. त्यावरून गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल कमीजास्त करतो. सेन्सर जुना होऊन सतत कमी व्होल्ट दाखवू लागला, की कॉम्प्युटरला वाटतं हवा जास्त झाली, आणि तो उगाच जादा पेट्रोल सोडतो.

म्हणून लगेच नवा सेन्सर घ्यायचा का? थांबा. सेन्सरच्या अलीकडे पाइपला भोक असेल तर बाहेरची हवा आत शिरते आणि धडधाकट सेन्सरही तेच सांगतो. मग नवा बसवूनही ॲव्हरेज तिथंच, पैसे मात्र गेले. आधी पाइप, वायरी, एअर फिल्टर बघावेत.

मुलांना विचारा: काटा ०.१ वरच अडकलाय, दोष कुणाचा? मेकॅनिक क्षणभर पेट्रोल वाढवून बघतो. व्होल्ट झटकन वर गेला, तर सेन्सर चांगला आहे.